पेट्रोल कोण ढकलते?

इंदापूरहून बारामतीकडे जाणारा रस्ता निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर असा ऊसपट्ट्यातून जातो. अंतर सुमारे ५० किलोमीटर. इंदापूर तालुक्यातील एका शिक्षकांच्या घरी एक जुना पेट्रोल ट्रक आहे. तो या रस्त्यावर निघाला की निमगाव ओलांडून थोडे पुढे जाई आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होई, काही किलोमीटर धावे आणि परत थांबे. गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिराच्या निमित्ताने आम्ही तेथे होतो, तेव्हा हे दुखणे पाच-सहा महिन्यांचे झाले होते. पंप दोनदा उघडून झाला होता, कार्बोरेटर तीनदा धुऊन झाला होता. शेवटी भंगारवाल्याशी बोलणीही सुरू झाली होती.

ट्रक आहे १९५० च्या दशकातला, फार्गो. या ट्रकचे इंदापूरशी एक नाते आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात याच तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडत. अशा अनेक जुन्या गाड्यांमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. या गाडीत मात्र मूळचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन टिकून आहे. शिक्षकांच्या वडिलांनी, घरातील सगळे त्यांना आबा म्हणतात, उमेदीची वर्षे या गाडीवर काढली. आता ती पोळ्याला, दसऱ्याला आणि कधीमधी बारामतीच्या फेरीला बाहेर निघते.

आबांचे एक म्हणणे होते. ‘‘हिचं पोट भरलं की ही चालत नाही. अर्ध्या पोटी पळते.’’ टाकी पूर्ण भरली की गाडी दगा देते, टाकी अर्धी असली तर बारामतीला जाऊन परत येते, असा त्याचा अर्थ. घरातली मंडळी हसत. मिस्त्रीही हसत. कारण उलटे झाले असते तर समजण्यासारखे होते. पेट्रोल कमी आहे म्हणून गाडी थांबली, हे कोणालाही पटेल. पेट्रोल जास्त आहे म्हणून गाडी कशी थांबेल?

आबांकडे याचे स्पष्टीकरणही होते. ‘‘आता पेट्रोलमध्ये उसाचं स्पिरिट घालतात. ते हिला सोसत नाही. टाकी भरली की ते जास्त जातं.’’

या लेखात आपण या तक्रारीचा माग काढू. वाटेत आठवी-नववीच्या पुस्तकातील हवेचा दाब पुन्हा भेटेल. पाठ्यपुस्तकात तो नेहमी पाऱ्याच्या नळीत असतो, येथे तो ट्रकच्या टाकीत आहे.

आधी वाट समजून घेऊ

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कसे जाते? टाकी चासीवर खालच्या बाजूला असते. तिच्यातून एक नळी निघते. नळीच्या वाटेवर गाळणी असते. जुन्या गाड्यांत ही गाळणी एका काचेच्या वाटीत असते, म्हणजे तळाला साचलेले पाणी किंवा गाळ बाहेरून दिसावा. त्यानंतर पंप येतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘ए.सी. पंप’ म्हणतात. विजेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही, ए.सी. हे हा पंप बनवणाऱ्या कंपनीचे नाव. पंपापासून दुसरी नळी वर कार्बोरेटरला जाते. कार्बोरेटरमध्ये एक छोटी टाकी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो आणि पातळी भरली की नीडल वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. घरातल्या पाण्याच्या टाकीतला बॉल-कॉक हेच काम करतो. या छोट्या टाकीतून पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून हवेच्या वाटेत जाते, तेथे त्याचे तुषार होतात आणि हवेबरोबर ते सिलिंडरमध्ये शिरतात.

वाटेवरील ठिकाणे मोजू: टाकीचे झाकण, टाकीतली जाळी, खालची नळी, गाळणीची वाटी, पंप, वरची नळी, फ्लोटची नीडल, जेट. एकूण आठ. पेट्रोल पोचत नसेल तर दोष या आठांपैकी कोठेतरी आहे.

यादीत झाकण कशाला, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. झाकणातून पेट्रोल जात नाही. मग ते पेट्रोलच्या वाटेवरचे ठिकाण कसे?

ओढणे की ढकलणे?

आपण सहज म्हणतो, पंप पेट्रोल ओढतो, इंजिन पेट्रोल ओढते, मूल स्ट्रॉने सरबत ओढते. बोलण्यापुरते हे ठीक आहे. पण द्रवाला ओढता येत नाही. दोराला ओढता येते, कारण दोराचे एक टोक हातात धरता येते. पेट्रोलचे टोक कोण धरणार?

पंपाच्या पोटात रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांड्याला ढकलतो, दांडा पडद्याला खाली खेचतो. पडद्यावरची जागा वाढते, तेथला दाब कमी होतो. पंप करतो ते एवढेच. पुढचे काम टाकीतील हवेचे. टाकीतल्या पेट्रोलच्या पृष्ठभागावर हवा दाबून बसलेली असते. पंपाच्या बाजूचा दाब कमी झाला की ही हवा पेट्रोलला नळीतून वर ढकलते.

इंदापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ एक किलोग्रॅम वजन ठेवल्यासारखा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. टाकीपासून पंपापर्यंतची अर्ध्या मीटरची चढण चढायला जेमतेम साडेतीन ते चार किलोपास्कल पुरतात. हवेला हे काम फार सोपे आहे, तिला टाकीत शिरायला वाट असेल तर.

पंपाच्या पुढचा ढकलणारा वेगळा आहे. पडद्याखाली एक स्प्रिंग असते. दांड्याने खेचून सोडले की ती पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. हा दाब साधारण २० ते ३५ किलोपास्कल असतो. फ्लोटची टाकी भरून नीडल बंद झाली की स्प्रिंग दबूनच राहते, दांडा रिकामा हलत राहतो आणि पेट्रोल नको तेव्हा पाठवले जात नाही.

शेवटच्या टप्प्यात पुन्हा हवा येते. कार्बोरेटरचा गळा मध्ये अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो. डॅनियल बर्नुलीने १७३८ साली मांडलेले तत्त्व ते हेच. जेटचे तोंड या अरुंद जागी उघडते. फ्लोटच्या टाकीवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, कारण त्या टाकीलाही हवेसाठी एक छिद्र ठेवलेले असते. दोन दाबांतील फरकाने पेट्रोल जेटमधून बाहेर ढकलले जाते.

म्हणजे ढकलणारे तीन: पहिल्या टप्प्यात हवा, मधल्या टप्प्यात स्प्रिंग, शेवटच्या टप्प्यात परत हवा. गाडीला पेट्रोल मिळत नसेल तर ‘कोठे तुंबले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ढकलणारा कोठे कमी पडला?’ हेही विचारावे लागते.

इंदापूरच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी तालुक्याच्या शिवारापर्यंत आले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठावरचे शेतकरी मोटरी पुढे सरकवतात. पाइप लांबवून का भागत नाही? कारण मोटर पाण्यापासून फार वर राहिली तर पाणी चढत नाही. हवेचा दाब इंदापुरात पाण्याला हिशोबाने फार तर पावणेदहा मीटर चढवू शकतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नसतो. मोटर कितीही ताकदीची असली तरी ही मर्यादा सुटत नाही, कारण मोटरीच्या आधीच्या नळीत ढकलण्याचे काम मोटर करतच नाही.

कोठून शोधायला लागावे?

आठ ठिकाणांपैकी दोष कोठे आहे हे शोधण्याची एक रीत म्हणजे एका टोकापासून एकेक ठिकाण उघडत जाणे. त्यात सात तपासण्यांपर्यंत पाळी येऊ शकते. दुसरी रीत म्हणजे साखळी साधारण मध्यावर तपासणे. तेथे पेट्रोल व्यवस्थित येत असेल तर आधीची सगळी ठिकाणे निर्दोष, येत नसेल तर पुढची तूर्त विसरायची. प्रत्येक तपासणीत निम्मे संशयित सुटतात. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तीन तपासण्या पुरतात. व्यवहारात अगदी मध्यावर हात पोचत नाही, म्हणून जेथे सहज पाहता येते ती जागा निवडायची.

पेट्रोल गाडीत अशा दोन सोयीच्या जागा आहेत. पहिली कार्बोरेटरचा गळा. इंजिन बंद असताना वरची गाळणी काढून ॲक्सिलरेटर दाबला तर बहुतेक कार्बोरेटरांत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसते. पिचकारी आली म्हणजे फ्लोटच्या टाकीत पेट्रोल आहे. मग दोष जेटमध्ये किंवा ठिणगीच्या बाजूला शोधावा. पिचकारी नाही म्हणजे पेट्रोल तेथवर आलेलेच नाही. दुसरी जागा पंपाची वरची नळी. ती कार्बोरेटरकडून सोडवून बाटलीत धरायची आणि स्टार्टर मारायचा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले तर पंप व त्याआधीचे सगळे ठीक, दोष नीडलपाशी. आले नाही तर पंप किंवा त्याआधीचे ठिकाण.

येथे दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. ही तपासणी जाणत्या मिस्त्रीनेच, उघड्यावर, कॉइलची तार काढून आणि आग विझवण्याचे साधन जवळ ठेवून करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. दुसरे, नळी तोंडात धरून पेट्रोल काढण्याची सवय अनेकांना असते. ती जिवावर बेतू शकते. पेट्रोलचा अगदी थोडा अंश श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगावे.

गॅरेजमध्ये दोष का सापडला नाही?

मिस्त्री अनुभवी होते. त्यांनी ही तपासणी केलीच होती. पण गॅरेजमध्ये गाडी कधी बंदच पडत नसे. शिवाय तेथे तपासताना त्यांनी नेहमीच्या पद्धतीने पंपाची खालची नळी गाडीच्या टाकीतून काढून पेट्रोलच्या उघड्या डब्यात सोडली होती. पंप उत्तम चालला. त्यावरून पंप ठीक आहे, हा निष्कर्ष बरोबरच होता. पण त्या तपासणीतून गाडीची टाकी वगळली गेली होती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कोणत्याही प्रयोगात आपण काय तपासले याबरोबर काय वगळले हेही लिहून ठेवावे, ते यासाठी.

रस्त्यावर गाडी थांबली की ते पंपावर ओले फडके टाकत. दहा मिनिटांत गाडी सुरू होई. यामागेही विज्ञान आहे. इंजिनाच्या उष्णतेने नळीतले पेट्रोल उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप ते बुडबुडेच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. मोटरीने ‘हवा धरली’ म्हणजे जे होते तेच. फडक्याने पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. एप्रिल-मे महिन्यांत इंदापूरच्या उन्हात हा संशय अगदी रास्त होता. पण फडके न टाकता दहा मिनिटे थांबले तर? हे कोणी करून पाहिले नव्हते. फडक्याने गुण आला की नुसत्या थांबण्याने, हे ते करून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

तीन संशयित

आम्ही शिक्षक, मिस्त्री आणि आबा यांच्याबरोबर बसून सगळ्यांचे संशय कागदावर मांडले.

पहिला, इथेनॉल. पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाडीला त्याचा त्रास होऊ शकतो, हे आबांचे म्हणणे निराधार नाही. इथेनॉल जुन्या धाटणीच्या रबराला फुगवते किंवा कडक करते, टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला थर सोडवून गाळणीत आणते, पाणी धरून ठेवते आणि पाणी फार झाले तर पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसते. आणखी एक गोष्ट. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. नव्या गाडीतील संगणक इंधनाचे प्रमाण आपोआप वाढवून घेतो. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र ठरलेले असते. त्यामुळे अशा गाडीला हवेच्या मानाने इंधन थोडे कमी पडते.

हे सगळे खरे. पण या कारणाने गाडी कशी वागली असती? सदा सर्वकाळ थोडी अशक्त चालली असती. टाकी भरलेली असो वा अर्धी, मिश्रणातील इथेनॉलचे प्रमाण तेच राहते. ‘पोट भरलं की चालत नाही’ हे इथेनॉलने समजावता येत नाही.

दुसरा संशयित, उष्णतेने होणारी वाफ. तिच्यामुळे गाडी गरम झाल्यावर थांबली असती, थंड झाल्यावर चालली असती. येथवर जुळते. पण अर्ध्या टाकीने तीच गाडी त्याच उन्हात बारामतीला कशी जाऊन येते?

तिसरा संशय एका साध्या प्रश्नातून आला. ‘‘दुखणे सुरू होण्याआधी शेवटचे काय बदलले होते?’’ शिक्षक आठवू लागले. दिवाळीत टाकी उतरवून धुतली होती. तेव्हा जुने गंजलेले झाकण टाकून दिले आणि बाजारातून मापाचे नवे आणले. नवे झाकण चांगले होते. त्याला जाड रबरी वायसर होता, पेट्रोलचा थेंब बाहेर येत नसे. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र होते, नव्याला नव्हते.

तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडले तर तेल थोडे येते आणि अडते. ट्रकच्या टाकीचे दुसरे भोक बंद झाले होते.

भरलेली टाकी आणि अर्धी टाकी

पण मग अर्धी टाकी का चालते? येथे बॉइलचा नियम कामी येतो. तापमान तेच असेल तर बंद हवेचे आकारमान जितक्या पट वाढते, तितक्या पट तिचा दाब कमी होतो. बॉइलने हे १६६२ मध्ये मांडले.

टाकी साधारण ७० लिटरची. तिच्यात ६५ लिटर पेट्रोल भरले तर वर हवा उरते ५ लिटर. गाडी लिटरला सहा किलोमीटर जाते असे धरू. १८ किलोमीटर गेल्यावर ३ लिटर पेट्रोल संपले. आत नवी हवा आली नाही, तर त्याच ५ लिटर हवेला आता ८ लिटर जागा भरायची आहे. दाब ९५ चा सुमारे ५९ होतो.

आता टाकीत ३० लिटरच पेट्रोल आहे असे धरू. वर हवा ४० लिटर. बारामतीपर्यंत ५० किलोमीटरला सव्वाआठ लिटर जळाले, हवा ४० ची सव्वाअठ्ठेचाळीस लिटर झाली. दाब ९५ चा सुमारे ७९ झाला. पहिल्या टाकीइतकी पडझड व्हायला येथे २४ लिटर पेट्रोल जळावे लागेल, म्हणजे जवळजवळ १४४ किलोमीटर. तोवर गाडी बारामतीहून परत येऊन अंगणात उभी असते आणि कोणीतरी झाकण उघडून पेट्रोल किती उरले ते पाहिलेले असते.

या हिशोबात एक दुरुस्ती करायला हवी. टाकीत नुसती हवा नसते, पेट्रोलची वाफही असते. जागा वाढली की आणखी पेट्रोल वाफ होऊन तिचा वाटा भरून काढते. म्हणून दाब प्रत्यक्षात वरच्या आकड्यांइतका खाली जात नाही. पण हवेच्या वाट्याला नियम लागू राहतो आणि दोन टाक्यांमधील फरक तसाच राहतो. शिवाय नळीतला दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळते. म्हणजे बंद झाकण आणि इंजिनाची उष्णता एकमेकांना मदत करतात. मिस्त्रींचा वाफेचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. वाफ होत असेलही, पण तिला वाट करून दिली झाकणाने. थांबल्यावर गाडी सुरू का होई, हेही उलगडते. दहा-पंधरा मिनिटांत वायसरच्या फटीतून थोडी हवा आत जाई, टाकीत थोडी वाफ वाढे आणि नळी निवे.

पडताळा

स्पष्टीकरण सुंदर आहे म्हणून ते खरे ठरत नाही. त्यातून आधी भाकीत करावे आणि मग पाहावे. आम्ही तीन भाकिते लिहिली. एक, भरलेल्या टाकीने गाडी बंद पडेल तेव्हा लगेच झाकण उघडले तर हवा आत शिरल्याचा आवाज येईल. दोन, फडके न टाकता, न थांबता गाडी सुरू होईल. तीन, छिद्राचे झाकण लावल्यावर भरलेल्या टाकीनेही ती बारामतीला पोचेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी भरून निघालो. निमगाव ओलांडले. इंजिन अडखळू लागले आणि थांबले. मिस्त्रींनी ठिणगी पाहिली, ती ठीक होती. गळ्यात पिचकारी नव्हती. वरची नळी लांबवून बाटलीत धरली, तर चार-दोन थेंब आणि बुडबुडे. दोष पंपाच्या किंवा त्याआधीच्या बाजूला आहे, हे दोन तपासण्यांत ठरले. मग शिक्षकांनी झाकण फिरवले. सूं असा आवाज आला, लांब उभ्या असलेल्या आबांनाही ऐकू गेला. स्टार्टर मारताच बाटलीत पेट्रोल ठोक्याठोक्याने येऊ लागले. नळी जोडली, गाडी सुरू झाली. फडके कोरडेच राहिले.

आठवड्याने शिक्षकांचा निरोप आला. हवा आत घेणारे, पण पेट्रोल बाहेर सांडू न देणारे झाकण मिळाले होते. भरल्या टाकीने गाडी बारामतीला जाऊन आली. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितले होते.

वर्गात काय करता येईल?

या विषयासाठी वर्गात पेट्रोल आणू नये, त्याची गरजही नाही. १० मिलीलिटरची, सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. दट्ट्या २ च्या खुणेवर ठेवा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या ३ पर्यंत ओढा. मग तो ८ वर ठेवून ९ पर्यंत ओढा. दोन्ही वेळा जागा एकच मिलीलिटर वाढली. जोर मात्र पहिल्या वेळी कितीतरी जास्त लागतो. विद्यार्थ्यांना हिशोब करू द्या: इंदापुरातील हवेच्या दाबाने पहिल्या वेळी आतला दाब सुमारे ३२ किलोपास्कलने कमी होतो, दुसऱ्या वेळी साडेदहाने. पहिली सिरिंज म्हणजे भरलेली टाकी, दुसरी म्हणजे अर्धी.

दुसरा प्रयोग. काचेच्या बाटलीच्या झाकणाला स्ट्रॉ जाईल एवढेच भोक पाडा आणि फट मेणाने बंद करा. बाटली काठोकाठ भरून स्ट्रॉने पाणी पिऊन पाहा. मग झाकणाला टाचणीने दुसरे भोक पाडा. ‘आता पाणी कोण ढकलते?’ हा प्रश्न विचारा. ‘आपण ओढतो’ असे उत्तर आले तर घाई न करता विचारा, ‘मग मघाशी का ओढता आले नाही?’

तिसरे, घरोघरी अशी ‘दुसरी भोके’ शोधायला सांगा. पाण्याच्या टाकीच्या झाकणावरची, स्कूटरच्या पेट्रोल टाकीच्या झाकणातली, तेलाच्या डब्यावरची. शेतातली मोटर पाणी का सोडते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणायला सांगा. फूटव्हॉल्व्हपासून हवा धरण्यापर्यंतची सगळी माहिती त्यांच्याकडे असते.

नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर गेला. देशात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले, तेव्हापासून नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ नाहीसा झाला. उद्याच्या विद्यार्थ्याला तो उघडून पाहायला मिळेलच असे नाही. पण दोष शोधण्याची रीत तीच राहील: वाट आखायची, मध्यावर तपासायचे, भाकीत करून पडताळायचे.

एक गोष्ट मात्र आम्ही या ट्रककडून शिकलो, आणि ती शिक्षकांना विशेष उपयोगी पडेल असे वाटते. आबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. टाकी भरली की गाडी थांबते, हे त्यांचे निरीक्षण. इथेनॉलमुळे थांबते, हे त्यांचे स्पष्टीकरण. स्पष्टीकरण पटले नाही म्हणून सगळ्यांनी निरीक्षणही सोडून दिले आणि गाडी सहा महिने अडली. दोष शोधण्याचा सर्वांत चांगला धागा त्या निरीक्षणातच होता. वर्गात एखादे मूल चुकीचे कारण सांगते, तेव्हा त्याने पाहिलेले काय होते, हे वेगळे विचारून घेतले पाहिजे.